हाँगकाँगचं शेवटचं अपील : परवानगी कशावर मिळते

प्रश्न थोडक्यात असा : "माझ्या धाकट्या भावाने जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावकीने आमचं घर वाळीत टाकलं. त्याला मारहाणही झाली. नंतर तो हाँगकाँगला गेला आणि 'परत पाठवू नका' असा दावा त्याने तिथे केला. इमिग्रेशनने नाकारलं, अपील मंडळाने नाकारलं, हायकोर्टाने नाकारलं आणि आता कोर्ट ऑफ अपीलनेही नाकारलं. त्या निकालाला बारा दिवस झाले. तिथला एक एजंट म्हणतो, फायनल अपील टाकू, तीन महिन्यांची मुदत आहे, दीड लाख रुपये आणि सरपंच-पोलीस पाटलाची पत्रं पाठवा, एकदा टाकलं की दोन-तीन वर्षं कोणी हात लावत नाही. आम्ही खाडीकाठची माणसं, आम्हाला यातलं काही कळत नाही. पैसे पाठवू का?"

ताई, पैसे पाठवू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

आधी मुदतीचं बघू, कारण ती धावते आहे. तीन महिने हा आकडा एजंटाने हवेतून आणलेला नाही, पण तो दुसऱ्या अर्जाचा आहे. अपील मंडळाने दावा फेटाळल्यावर हायकोर्टात न्यायिक पुनर्विलोकनाची, म्हणजे तो निर्णय कायदेशीर रीतीने झाला का एवढंच तपासून घेण्याची, परवानगी मागायला तीन महिने असतात. तो टप्पा तुमच्या भावाने कधीच ओलांडला. कोर्ट ऑफ अपीलच्या निकालावर अंतिम अपीलाची परवानगी मागायची मुदत निकालाच्या तारखेपासून २८ दिवस आहे. बारा गेले, सोळा राहिले. त्याच २८ दिवसांत सरकारी बाजूला सात दिवसांची आगाऊ नोटीसही द्यायची असते. त्यामुळे 'अजून सोळा दिवस आहेत' म्हणून आठवडाभर बसून राहिलात तर अर्ज लिहायला वेळच राहणार नाही. मुदतवाढ मागता येते, पण उशिराचं पटेल असं कारण लागतं आणि मूळ प्रकरणात काही दम आहे का हेही त्याच वेळी पाहिलं जातं. 'एजंटाने तीन महिने सांगितले होते' हे कारण पटण्यासारखं नाही.

आता परवानगी मागायची कोणाकडे? आधी कोर्ट ऑफ अपीलकडेच, म्हणजे ज्यांनी हरवलं त्यांच्याकडेच. अशिलांना हे नेहमी विचित्र वाटतं, पण आपल्या घटनेतही १३४-अ कलमाखाली सुप्रीम कोर्टात जाण्यासाठी हायकोर्टाकडेच प्रमाणपत्र मागतात. त्यांनी परवानगी नाकारली, आणि बहुतेक वेळा नाकारतातच, की नकाराच्या तारखेपासून पुन्हा २८ दिवसांत अंतिम अपील न्यायालयाकडे जाता येतं. हे न्यायालय १ जुलै १९९७ पासूनचं आहे. त्याआधी हाँगकाँगची शेवटची अपीलं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात. परवानगीचा अर्ज तिथली तीन न्यायाधीशांची अपील समिती बघते आणि तिचा निर्णय शेवटचा. त्यावर पुनर्विचार नाही, दयेचा अर्ज नाही, राज्यपाल-राष्ट्रपती काही नाही.

खरी अडचण मात्र तारखेची नाही. कोकणात जमिनीचा एखादा तरी दावा नसलेलं घर सापडणं कठीण, म्हणून त्याच भाषेत सांगतो. तुमच्याकडे कोणी तरी 'सेकंड अपील' लढवलेलं असेल. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १००. खालच्या दोन कोर्टांनी सांगितलं की बांध तुमचा नाही, तर हायकोर्ट तिसऱ्यांदा बांध मोजायला बसत नाही. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे का एवढंच विचारतं, नसेल तर दाखल करून घेण्याच्या पायरीवरच फाईल बंद. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची ही अपीलं आता मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, १८ ऑगस्ट २०२५ पासून. जागा बदलली तरी कसोटी तीच राहिली. हाँगकाँगच्या अंतिम न्यायालयाची कसोटी याहून कडक आहे. कायद्याचा प्रश्न असून भागत नाही. तो सर्वसाधारण किंवा सार्वजनिक दृष्ट्या फार मोठ्या महत्त्वाचा असावा लागतो. त्यांच्या कायद्यात पुढे 'किंवा अन्यथा' अशी एक फट ठेवलेली आहे. खालच्या कोर्टाची चूक इतकी ढळढळीत की न्यायासाठी हात घालावाच लागेल, अशा वेळी ती उघडते, पण फारच क्वचित. एजंटांच्या अर्जांत मात्र सगळा भार त्याच फटीवर टाकलेला दिसतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत हे कसं लागू होतं ते बघा. नाकारण्याची दोन कारणं दिली असणार, कारण भारतातल्या दाव्यांना जवळपास नेहमी हीच दोन असतात. एक, भारतात पोलीस आहेत, कायदा आहे, तिथे दाद मागता येते. दुसरं, गावात धोका असला तरी तो मुंबईला किंवा पुण्याला जाऊन राहू शकतो. कोकणातल्या माणसाला 'मुंबईला जाऊन राहा' असं सांगायला परदेशातल्या मंडळाची गरज काय, असं तुमच्या मनात येईल. आपली निम्मी घरं चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवरच उभी राहिली. पण इथे एक गोष्ट आहे जी हाँगकाँगमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला आपणहून कळणार नाही. आपल्या गावांची मुंबई मंडळं. गावकीचा निर्णय शिमग्याच्या बैठकीत होतो आणि मुंबई मंडळाच्या बैठकीत तो वाचून दाखवला जातो. पालखी तुमच्या दारात आली नाही, हे नालासोपाऱ्यात राहणाऱ्या भावकीला त्याच रात्री फोनवर कळतं. खोली मिळवून देणारा, नोकरीला चिकटवणारा, लग्न जमवणारा माणूस पुष्कळदा त्याच मंडळातला असतो. म्हणजे वाळीत टाकलेल्या माणसामागे बहिष्कार मुंबईपर्यंत येऊ शकतो.

मुद्दा चांगला आहे. पण कोणत्या पायरीवर तो कोणत्या रूपात मांडायचा, यावर सगळं अवलंबून असतं.

इमिग्रेशनच्या मुलाखतीत ही एक माहिती होती. साहेब, आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे, त्यात अमुक जण आहेत, त्यांनी मला असं असं केलं. अपील मंडळासमोर तोच पुरावा होतो. मुंबई मंडळाच्या सभेची सूचना, वर्गणी परत केल्याची पावती, व्हॉट्सॲपवरचे निरोप, पत्नीचा जबाब. तिथपर्यंत 'हे खरं आहे का' हा प्रश्न जिवंत असतो, त्यानंतर तो मरतो. हायकोर्टाच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे कोर्ट ऑफ फर्स्ट इन्स्टन्समध्ये, 'मुंबईत धोका आहे' हे म्हणणं चालत नाही. तिथे म्हणावं लागतं की मुंबईतल्या धोक्याचा पुरावा अपील मंडळापुढे होता आणि अपील मंडळाने त्याची दखलच घेतली नाही. ती सार्वजनिक कायद्याची, म्हणजे सरकारी यंत्रणेच्या निर्णय घेण्याच्या रीतीतली, चूक ठरते. कोर्ट ऑफ अपीलमध्ये म्हणावं लागतं की ही चूक दाखवूनही न्यायाधीशांनी ती वादयोग्य नाही, म्हणजे युक्तिवाद करण्याजोगीही नाही, असं ठरवलं, ते चुकलं. आणि अंतिम न्यायालयात? तिथे तुमच्या भावाचं नाव काढून टाकलं तरी उरेल असा प्रश्न लागतो, दुसऱ्या दहा दावेदारांच्या प्रकरणांतही ज्याचं उत्तर लागेल असा.

म्हणून पहिलं काम हे की अपील मंडळाच्या निकालात 'मुंबई' हा शब्द कुठे कुठे आला आहे ते शोधायचं. भावाला ते पान मोबाईलवर फोटो काढून पाठवायला सांगा. मुंबई मंडळाचा विषय त्याने मुलाखतीत काढलाच नसेल, तर शेवटच्या न्यायालयात तो पहिल्यांदा काढता येणार नाही. खाली न मांडलेला आणि मांडला असता तर पुराव्याने उत्तर देता आलं असतं असा मुद्दा तिथे उठवू देत नाहीत. हा तिथला जुना, घट्ट नियम आहे. दुभाष्याबद्दलच्या तक्रारीचंही तेच. मुलाखत हिंदीतून झाली, 'गावकी' आणि 'वाळीत' याचं भाषांतर धड झालं नाही, असं भाऊ आज म्हणत असेल तर ते खोटं असेलच असं नाही. पण अपील मंडळापुढे आणि हायकोर्टात तो गप्प राहिला असेल तर आता त्याचं वजन फार थोडं.

परवानगी मिळालेली प्रकरणं कशी असतात हेही बघून ठेवा, म्हणजे अंदाज येईल. या क्षेत्रातले तीन मोठे निकाल याच न्यायालयाचे आहेत. २००४ मध्ये प्रश्न होता, छळाच्या दाव्याचा निर्णय सरकारने कसा घ्यायचा. न्यायालय म्हणालं, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा निर्णयाची रीत उच्च दर्जाच्या न्याय्यतेचीच हवी, दुसऱ्या कुणाच्या मतावर शिक्का मारून चालणार नाही. २०१२ मध्ये प्रश्न होता, क्रूर आणि अमानुष वागणुकीपासूनचं संरक्षण इमिग्रेशनच्या कायद्यापुढे तोकडं पडतं का. उत्तर आलं, नाही. २०१३ मध्ये प्रश्न होता, छळवणुकीची भीती खरी आहे का हे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाने ठरवलं की पुरे, का हाँगकाँगच्या इमिग्रेशन संचालकाने स्वतः ठरवायचं. स्वतः, असं उत्तर आलं. या निकालांमुळेच मार्च २०१४ पासून सगळी कारणं एकत्र तपासणारी आजची पद्धत आली, जिच्यातून तुमचा भाऊ गेला. तिन्ही ठिकाणी न्यायालय दावेदार खरं बोलतो आहे का हे ठरवायला बसलेलं नव्हतं. ते यंत्रणा कशी चालावी हे ठरवत होतं.

आता लिहिण्याकडे येतो. एजंटांकडचे तयार अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत. हाँगकाँगमध्ये मी हीच कामं करत होतो आणि आता रत्नागिरीत वकिली करतो, तरी असे कागद अजून माझ्या टेबलावर येतात. नाव आणि देश बदललेला असतो, बाकी मजकूर तोच. कधी कधी तेही बदलायचं राहून जातं आणि कोकणातल्या माणसाच्या अर्जात मध्येच दुसऱ्याच देशातला राजकीय पक्ष निघतो. मजकूर साधारण असा : "अर्जदार परत गेल्यास त्याला ठार मारलं जाईल. मंडळाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. खालच्या न्यायालयांनी पुरावा नीट पाहिला नाही. म्हणून न्याय व्हावा." यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं तरी अर्ज पडतो, कारण त्यात एकही प्रश्न नाही. अर्ज म्हणजे गाऱ्हाणं घालणं नव्हे.

याच्या जागी समजा असं लिहिलं : "समाजगटाने घातलेल्या बहिष्काराचा धोका सांगितला असता, मूळ देशात त्याविरुद्ध दंडनीय कायदा अस्तित्वात आहे एवढ्यावरून राज्याचं संरक्षण उपलब्ध आहे असं मानता येतं का, की त्या कायद्याचा प्रत्यक्ष अंमल अर्जदाराच्या बाबतीत तपासणं निर्णयकर्त्यावर बंधनकारक आहे?" हा निदान प्रश्न आहे. तुमच्या भावाच्या प्रकरणातून तो आपोआप उगवतो, कारण महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, २०१७ पासून अमलात आहे, गुन्हा दखलपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मंडळाने हाच कायदा तुमच्या भावाच्या विरुद्ध वापरला असण्याची शक्यता मोठी. 'तुमच्याकडे खास कायदा आहे, मग भीती कसली?'

तरीही हा प्रश्न टिकेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. समोरची बाजू उठून म्हणेल, संरक्षण कागदावर नव्हे तर प्रत्यक्षात मिळतं का हे बघायचं असतं हे तत्त्व आधीच मान्य आहे, यात नवीन काय? आणि ते बरोबर असेल. कायदा ठरलेला आहे, तो आमच्या बाबतीत नीट लावला गेला नाही, असं तुमचं म्हणणं असेल तर अंतिम न्यायालयाच्या लेखी तो प्रश्न नाही. ती चूक असू शकते, पण परवानगीजोगी चूक नाही. अर्ज टिकवायचा तर कोर्ट ऑफ अपीलच्या निकालपत्रात असं एखादं वाक्य सापडावं लागतं ज्यात न्यायाधीशांनी तत्त्वच वेगळं सांगितलं आहे, किंवा त्यांच्याच दोन निकालांत विसंगती आहे. सगळा शोध त्या निकालपत्रात घ्यायचा. भावाच्या कहाणीत नाही, गावातल्या मारहाणीत नाही, एजंटाच्या अर्जात तर नाहीच. अशा प्रकरणांतली निकालपत्रं बहुधा छोटी असतात. अर्ध्या तासात दोनदा वाचून होतात. दोनदा वाचून असं वाक्य दिसलं नाही तर ते तिथे नाही असं धरून चाला.

असा अर्ज तरी टाकला तर काय होतं? सुनावणी होईल, भावाला उभं राहून बोलता येईल, अशी समजूत असेल तर ती काढून टाका. अंतिम न्यायालयाच्या नियमांत सातवा नियम आहे. अर्जात परवानगी देण्याजोगा आधारच दिसत नाही असं निबंधकाला वाटलं तर तो 'कारणे दाखवा'चं समन्स काढतो : हा अर्ज फेटाळू का नये ते सांगा. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यायचं. ते समितीपुढे जातं आणि बहुधा सुनावणीशिवायच काही ओळींचा आदेश येतो, अर्ज फेटाळला. वकिलाशिवाय आलेल्या या प्रकारच्या बहुतेक अर्जांचा शेवट असाच होतो. त्यात भर म्हणजे समन्स भावाने दिलेल्या पत्त्यावर जातं. खोली बदलली आणि कोर्टाला कळवलं नाही, तर उत्तर न देताच अर्ज निकालात निघतो. पत्ता बदलला असेल तर आजच कळवायला सांगा.

सरपंच आणि पोलीस पाटलाच्या पत्रांचं. ती पाठवू नका असं मी म्हणत नाही, पण या अर्जात ती जोडायची नाहीत. अंतिम न्यायालय नवा पुरावा बघायला बसत नाही. शिवाय ती उलटतातही. 'या इसमाच्या जिवाला धोका आहे' असं पोलीस पाटील लेटरहेडवर लिहून देतो, याचा अर्थ पोलिसांच्या गावपातळीवरच्या माणसाला धोका माहीत आहे आणि तो कागदावर लिहायला तयार आहे. मग पोलीस मदत करत नाहीत असं कसं म्हणायचं? आणि ज्या सरपंचाच्या बैठकीत घर वाळीत पडलं, तोच आज पत्र देतो आहे, तर बहिष्कार उठला का, असाही प्रश्न येतो.

खरोखर काही नवीन घडलं असेल तर त्याची जागा वेगळी आहे. समजा, मागच्या वर्षी तुमच्या वहिनीवर हल्ला झाला, गुन्हा नोंदला, दोषारोपपत्र गेलं. हाँगकाँगच्या इमिग्रेशन कायद्यात दुसऱ्यांदा दावा करण्याची वाट आहे, पण दाराशी अट आहे : पहिला दावा निकालात निघाल्यानंतर परिस्थितीत लक्षणीय बदल झाला आणि आधीच्या कागदांसोबत तो धरला तर दाव्याला यशाची वास्तव शक्यता आहे, हे लेखी निवेदनाने पटवावं लागतं. तिथे सरपंचाच्या पत्रापेक्षा एफआयआरची प्रत, दवाखान्याचा दाखला, न्यायालयाच्या तारखा चालतात. सोबत इंग्रजी भाषांतर हवं, आणि ते पुतण्याने गूगलवर केलेलं नको. जुनंच दुखणं नव्या तारखेच्या कागदावर पाठवलंत तर दारातूनच परत येईल.

आता एजंटाचं शेवटचं आश्वासन, 'टाकलं की कोणी हात लावत नाही.' एके काळी व्यवहारात असं होतं. कोर्टात काही ना काही चालू असेपर्यंत माणसाला हलवत नसत, आणि त्याच जोरावर या अर्जांचा धंदा उभा राहिला. ७ डिसेंबर २०२२ पासून तिथलं धोरण बदललं आहे. कोर्ट ऑफ फर्स्ट इन्स्टन्सने पुनर्विलोकनाचा अर्ज फेटाळला की इमिग्रेशन विभाग परत पाठवण्याची कारवाई सुरू करू शकतो, वर अपील प्रलंबित असलं तरी. तुमचा भाऊ त्याच्याही पुढच्या टप्प्यावर आहे. अंतिम परवानगीचा अर्ज म्हणजे स्थगिती नव्हे. स्थगिती हवी तर वेगळी मागावी लागते आणि ती मिळायलाही मूळ अर्जात वादयोग्य काही असावं लागतं. रिकामा अर्ज टाकून भाऊ निर्धास्त झोपला आणि इमिग्रेशनच्या पुढच्या हजेरीला त्याला ताब्यात घेतलं, तर एजंट फोन उचलणार नाही.

हजेरी चुकवू नको हेही त्याला सांगा. त्याच्याकडे जो मुचलक्याचा कागद आहे, ज्याला तिथली आपली माणसं नुसतं 'पेपर' म्हणतात, त्यावर तारखा असतात. चुकवली तर फरार समजतात. आणि काम करत असेल, हॉटेलच्या मागच्या दाराने भांडी घासत असेल किंवा पार्सलं उचलत असेल, तर ते थांबवायला सांगा. अशा कागदावर राहून काम करणं हा तिथे गुन्हा आहे, पन्नास हजार हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तुम्हाला दरमहा पैसे येत असतील तर ते कुठून येतात हे तुम्ही ओळखलं असेलच. त्यावर मी आणखी बोलत नाही.

एक गोष्ट घरातल्या कोणी विचारली नसेल, तीही सांगून ठेवतो. समजा चमत्कार झाला, परवानगी मिळाली, अपीलही जिंकलं. पुढे काय? तिथला रहिवासी परवाना मिळत नाही. १९५१ चा निर्वासित करार हाँगकाँगला लागू केलेला नाही. चीनने तो स्वीकारला आहे, पण हाँगकाँगपर्यंत तो वाढवलेला नाही. अंतिम न्यायालयात जिंकलेलं प्रकरण बहुधा मंडळाकडे नव्याने निर्णयासाठी परत जातं. तिथे दावा मान्य झाला तर त्याचा अर्थ एवढाच की धोका आहे तोवर त्याला भारतात पाठवणार नाहीत. कामाची परवानगी त्यानंतरही वेगळी मागावी लागते, ती संचालकाच्या मर्जीवर. बायको-मुलांना बोलावण्याचा हक्क नाही. आणि मान्य होणाऱ्या दाव्यांचं प्रमाण इतक्या वर्षांत शेकडा एकच्या आसपासच राहिलं आहे. म्हणजे 'केस जिंकला की तिथलाच झाला' हे जे गावात बोललं जातं, तसा तिथे कायदाच नाही.

मग परवानगी मागूच नये का? मागावी, जर मी वर म्हटलं तसं एखादं वाक्य निकालपत्रात सापडलं तर. त्यासाठी तिथल्या लीगल एड विभागाकडे, म्हणजे सरकारी मदतीने वकील देणाऱ्या खात्याकडे, अर्ज करता येतो. उत्पन्न आणि प्रकरणाचा दम दोन्ही बघतात, नकार आला तर अंतिम अपीलाच्या बाबतीत त्यावर फेरतपासणी समितीही आहे, पण तिच्यापुढे जायला यशाची वाजवी शक्यता आहे असं बॅरिस्टरचं प्रमाणपत्र लागतं. एखाद्या बॅरिस्टरने निकालपत्र वाचून 'यात काही नाही' असं स्पष्ट सांगितलं, तर त्याच्या त्या मतासाठी खर्च झालेले पैसे एजंटाच्या दीड लाखांपेक्षा सत्कारणी लागले असं समजा. तिथे कोर्टात उभं राहण्याचा आणि अर्जाचा सल्ला देण्याचा अधिकार सॉलिसिटर-बॅरिस्टरना आहे. एजंटाचं नाव कोणत्याही कागदावर नसतं, सही तुमच्या भावाचीच असते, आणि खर्चाचा आदेश झाला तर तोही भावाच्याच नावावर.

प्रश्न सापडला नाही, तर उरलेले दिवस परतीच्या तयारीत घालवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पासपोर्टची मुदत संपली असेल तर हाँगकाँगच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून एकेरी प्रवासाचं इमर्जन्सी सर्टिफिकेट निघतं. ओळख पटवायला घरचे कागद लागतात : जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या पासपोर्टची प्रत, रेशन कार्ड. हे कागद तुम्ही आत्ताच काढून ठेवू शकता, त्याला दीड लाख लागत नाहीत. पकडून पाठवण्याआधी आपणहून निघालेल्या माणसाला निदान तारीख निवडता येते, सामान आवरता येतं, घरच्यांना विमानतळावर बोलावता येतं. दावा मागे घेण्याच्या कागदावर मात्र घाईने सही करू देऊ नका. एकदा मागे घेतला की पुन्हा उघडायला वर सांगितलेली लक्षणीय बदलाची अटच आडवी येते.

आणि परत आल्यावर? गावात उतरायची सक्ती नाही. पण भीती खरी असेल तर २०१६ च्या कायद्याखाली फिर्याद द्यायला तो हाँगकाँगहून यायची वाट बघायची गरजही नाही. घर वाळीत आहे म्हणजे तुम्ही, तुमची आई, वहिनी, सगळेच पीडित आहात. पोलीस ठाण्यात नोंद घेत नसतील तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा, किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करा. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यातून गावकी नमली तर उत्तमच. नाही नमली आणि पोलिसांनी खरोखर हात झटकले, तर उद्या दुसऱ्या दाव्याची वेळ आली तेव्हा हेच कागद उपयोगी पडतील. पालखी दारात आली नाही त्या शिमग्याची तारीख, बैठकीत कोण काय बोललं, दुकानदाराने सामान द्यायला कधी नकार दिला, विहिरीवर कोणी अडवलं, हे सगळं तारखेनिशी एका वहीत लिहून काढा. आत्ताच, आठवतंय तोवर.

मला बघायला काही पाठवायचं असेल तर भावाची कहाणी पाठवू नका, ती मी प्रश्नातून वाचली. चार कागद पाठवा : अपील मंडळाचा निर्णय, कोर्ट ऑफ फर्स्ट इन्स्टन्सचा आदेश, तिथून कोर्ट ऑफ अपीलला केलेल्या अर्जातली अपीलाची कारणं, आणि कोर्ट ऑफ अपीलचं निकालपत्र. चौथ्याचं पहिलं आणि शेवटचं पान सगळ्यात आधी, कारण त्यावर तारीख आहे. तुम्ही मोजलेले बारा दिवस निकालाच्या तारखेपासूनचे आहेत की भावाच्या हातात कागद पडला तेव्हापासूनचे, ते त्यावरूनच कळेल.